मच्छिंद्रचा फोटो कुणाकडे आहे

नगर-मनमाड रस्त्यावरून कोल्हार गावात वळलं, की आधी बनाबाईच्या गिरणीचा आवाज यायचा, मग ताज्या पिठाचा वास, आणि मग पायरीवर ओळीनं मांडलेले डबे दिसायचे. डब्यांवर कुणाचंही नाव नसे. झाकणाला आलेला पोचा, कडीला बांधलेली चिंधी, एवढ्यावरून डबा कुणाचा हे बनाबाईला कळे. लोक सकाळी डबा ठेवून शेतात निघून जात आणि संध्याकाळी पीठ घेऊन जात. कुणी लग्नाबिग्नाला गावी गेलेलं असलं तर डबा आठवडाभरही तिथंच पडून राही. दळणाचे पैसे ती रोख मोजून घेई, उधारीचं नाव काढलं तर कपाळाला आठ्या घाली. पण डबा ठेवून घेण्याचे पैसे घ्यावेत हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ठेवायचे कसले पैसे? डबा काही जेवायला मागत नाही.

दिवाळीच्या तोंडावर मात्र तिची पंचाईत व्हायची. चकलीची भाजणी, लाडवांचं बेसन, रोजचे गहू-बाजरी, सगळं एकदमच यायचं आणि पाय ठेवायला जागा उरायची नाही. मग काही डबे परत पाठवावे लागत. त्यातही बाईचा एक न्याय होता. ज्या घरात आधीचं पीठ शिल्लक असेल, त्यांचाच डबा ती माघारी धाडायची. "तुमच्या घरी हाय अजून. तुमी चार दिसांनी या," असं ती तोंडावर सांगायची. लोक कुरकुर करत, पण डबा उचलत, कारण बाई म्हणते ते खरंच असायचं.

गिरणी मूळची तिच्या नवऱ्याची, मच्छिंद्र राऊतची. मच्छिंद्र काविळीनं गेला तेव्हा सुनील, त्यांचा एकुलता एक मुलगा, तीन वर्षांचा होता. दिरानं गिरणी विकून टाकायचा सल्ला दिला. बनाबाईनं तो शांतपणे ऐकून घेतला, दिराला चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पदर खोचून मशिनचा पट्टा स्वतःच्या हातानं चढवला. बाईमाणूस गिरणी चालवतंय म्हणून पहिले काही दिवस लोक बघायला येत, आणि आलेच आहेत तर दळण आणत. सुनील त्या पिठाच्या धुरळ्यातच मोठा झाला, लोणीला शिकून इंजिनिअर झाला, पुण्याला नोकरीला लागला आणि मग बायकोला, शुभांगीला, घेऊन अमेरिकेला गेला. जाताना त्यानं आईसाठी घरात फोन घेऊन दिला. आपल्याकडे रविवारची सकाळ असते तेव्हा तिकडं अजून शनिवारची रात्र असते, असं तो सांगायचा. बनाबाई "व्हय का" म्हणायची. पटलेलं नसलं की ती असंच म्हणायची.

तर मच्छिंद्रचा फोटो. हा एकच फोटो होता. लग्नात फोटोवाला बोलवावा एवढी तेव्हा ऐपत नव्हती आणि तशी रीतही नव्हती. सुनील वर्षाचा झाला तेव्हा तिघं शिर्डीला गेले होते. तिथं एका फोटोच्या दुकानात बाग रंगवलेला पडदा होता, त्याच्यापुढे तिघांचा फोटो काढायचा ठरला. सुनीलनं दिवे लागल्याबरोबर असा गळा काढला, की बनाबाई त्याला घेऊन बाहेर गेली आणि आत मच्छिंद्र एकटाच उरला. फोटोवाल्यानं त्याला दुकानातला कोट चढवला आणि सांगितलं, हलायचं नाही, हसायचं नाही. आता मच्छिंद्र म्हणजे उठल्याबसल्या हसणारा माणूस. गिरणीचा पट्टा तुटला तरी हसायचा, बायको चिडली की जास्तच हसायचा. त्याला हसू नको म्हटल्यावर तो इतका घाबरला, की डोळे वटारून, ओठ आवळून, पोलिसांनी धरून आणल्यासारखा उभा राहिला. तसाच फोटो निघाला. दुकानातून बाहेर आल्यावर तो रस्त्यात पोट धरून हसला होता, पण त्याचा फोटो कोण काढणार?

मच्छिंद्र गेल्यावर तो फोटो काच लावून मधल्या घरातल्या भिंतीवर आला. सुनीलला बापाची आठवण म्हणून तेवढाच होता. आणि पोरगं त्या फोटोला भ्यायचं. "दादा रागावलेत," म्हणायचं आणि भिंतीकडं पाठ करून जेवायला बसायचं. बनाबाईला तेव्हा फार वाईट वाटे. दादा कसे होते ते ती सांगायची, पण पोरगं सांगितलेलं ऐकायचं आणि दिसलेलंच खरं धरायचं.

त्या भिंतीच्या पलीकडेच गिरणी. गिरणी सुरू झाली की फोटो खिळ्यावर थरथरायचा, पंचवीस वर्षं तो थरथरतच होता. वरून पावसाळ्याची ओल आणि आत शिरलेली कसर. नव्व्याण्णव सालच्या उन्हाळ्यात बनाबाईनं फोनवर सहज म्हटलं, की दादांच्या गालापर्यंत डाग आलाय. सुनील लगेच म्हणाला, "आई, तो फोटो अश्विनीच्या क्लासमध्ये घेऊन जा. मी तिला फोन करून सांगतो. ती तो कॉम्प्युटरमध्ये घेईल आणि इंटरनेटवर आमच्या जागेत ठेवेल. छकुलीचे फोटो आम्ही तिथंच ठेवतो. एकदा तिथं गेला की ओल नाही, कसर नाही, काही नाही."

छकुली म्हणजे सुनीलची सहा महिन्यांची लेक. तिला बनाबाईनं अजून हात लावला नव्हता.

"आन् तितं ठिवायचे पैसे?" बनाबाईनं विचारलं.

"काही नाही. फुकट आहे."

फुकट म्हटल्यावर बाईला जरा बरं वाटलं आणि जरा शंका आली. पण मुलगा इंजिनिअर, त्याला कोण विचारणार?

अश्विनी ही गावचीच मुलगी, बनाबाईला मावशी म्हणायची. स्टँडजवळ माडीवर तिनं कॉम्प्युटरचा क्लास काढला होता, आणि क्लासवर भागत नाही म्हणून लग्नपत्रिकाही करून द्यायची. त्या पत्रिकांसाठी तिनं फोटो आत घ्यायचं मशिन आणलं होतं. तिनं मच्छिंद्रला काचेतून बाहेर काढलं, मशिनमध्ये पालथं घातलं, वर झाकण लावलं. बनाबाईला ते बरं दिसलं नाही. आतून उजेड सरकत गेला आणि समोरच्या पडद्यावर मच्छिंद्र वरून खाली उमटायला लागला. आधी तिरपी टोपी, मग कपाळ, मग ते वटारलेले डोळे. डोळे आल्याबरोबर बनाबाई पदर सावरून उभी राहिली.

अश्विनीनं पडद्यावरच त्याच्या गालावरचा डाग पुसला. कशानं पुसला ते कळलं नाही, हातात तर फडकंही नव्हतं. मग ती इंटरनेट लावायला बसली. त्यासाठी नगरला फोन लागावा लागे, आणि नगरचा फोन लागणं कुणाच्या हातात नव्हतं. बनाबाई दोन वेळा घरी जाऊन आली, दळणं उरकून आली, तेव्हा कुठं फोटो गेला.

"गेला म्हंजे कुटं गेला?" तिनं विचारलं.

"अमेरिकेत, मावशी."

"सुनीलच्या घरी?"

"नाही. एक कंपनी आहे, तिच्या कॉम्प्युटरवर."

"सुनीलच्या कंपनीच्या?"

"नाही हो. ही वेगळीच. लोकांचे फोटो ठेवते."

"ना वळकीची ना पाळकीची, ती आपला मानूस कामून ठिवून घेईल?"

अश्विनीनं जरा विचार केला. "लोक आपापले फोटो बघायला येतात ना, तेव्हा कंपनी बाजूला जाहिराती दाखवते. त्या जाहिरातींचे पैसे तिला मिळतात."

हे मात्र बनाबाईला एकदम कळलं. म्हणजे डबे ठेवायला जागा फुकट आणि कमाई दळणावर. दळण जाहिरातीचं. जगात कुठंही गेलं तरी धंदा असाच चालतो, याचं तिला समाधान वाटलं. अश्विनीनं मच्छिंद्रला परत काचेत घातलं आणि तिच्या हातात दिलं, तेव्हा मात्र ती पुन्हा गोंधळली.

"ह्यो तितं गेला, मंग माझ्या हातात ह्यो कोन हाय?"

"तेही मच्छिंद्रकाकाच," अश्विनी हसून म्हणाली.

घरी जाताना बनाबाई ती चौकट छातीशी धरून चालली होती, पण पहिल्यासारखं वाटेना. जो नीट होता, डाग पुसलेला होता, तो तिकडं सुखरूप पोचला. हातात राहिलं ते कसरीनं खाल्लेलं. खरा कोणता असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं, पण मनानं तिकडच्याला आधीच झुकतं माप दिलं होतं.

आषाढात तिनं गिरणीला नवी मोटर बसवली. मोटर जोरकस होती. पहिल्याच दिवशी भिंत अशी हादरली, की फोटो खिळ्यावरून निसटून खाली आला. काच फुटली, आणि ओलीनं काचेला चिकटलेला कागद तिच्याबरोबर फाटला. मच्छिंद्रचा अर्धा चेहरा काचेच्या तुकड्याला आणि अर्धा पुठ्ठ्याला. आवाज ऐकून शेजारची दगडाबाई आली. दगडाबाई वयानं मोठी, आणि गावातल्या सगळ्या रीतीभाती तिला पाठ.

"फुटलेला मानूस घरात ठिवू ने, बना," ती म्हणाली. "देवाचा फोटो फुटला तर आपन पान्यात सोडतो का न्हाई? मंग ह्यो तरी आपला देवच की."

आदल्या वर्षी हे झालं असतं तर बनाबाईनं दगडाबाईला दारातूनच वाटेला लावलं असतं, खळ करून तुकडे चिकटवले असते आणि भिंतीवर तसाच टांगला असता. पण आता तिला वाटलं, अडतं कुठं? तिकडं आहेच की. डाग पुसलेला, ओल नाही, कसर नाही. हे तिनं दगडाबाईलाही मोठ्या तोऱ्यात सांगितलं. दगडाबाईला काही उमगलं नाही, पण तिनं मान डोलावली. भगवतीच्या देवळाकडून खाली उतरून दोघी प्रवरेच्या घाटावर गेल्या. नदीला गढूळ पाणी आलं होतं. बनाबाईनं तुकड्यांना हळद-कुंकू लावलं, वर जास्वंदाचं फूल ठेवलं आणि ते पाण्यात सोडून दिले. तिला रडू आलं नाही. उलट आपण नव्या जमान्याच्या झालो असं वाटून ती थोडी ताठच चालत घरी आली. सुनीलला तिनं हे सांगितलं नाही. फुटलेला फोटो पाण्यात सोडला म्हटलं तर तो अंधश्रद्धेवर बोलत बसला असता, आणि बोलणं तर त्याच्या पैशानं चालायचं.

त्यानंतर सोमवारी, गिरणी बंद असली की ती अश्विनीच्या क्लासला जाऊ लागली. नगरचा फोन लागला तर आधी छकुली बघायची, मग मच्छिंद्र. छकुलीचे फोटो चिक्कार होते. छकुली आंघोळ करताना, छकुली झोपलेली, छकुलीचा नुसता पाय. सगळ्यांच्या तळाशी मच्छिंद्र डोळे वटारून उभा असायचा, नातीच्या गर्दीत सापडल्यासारखा. बनाबाईला तो तिथं बरा दिसायचा. घरात एकटा टांगलेला असायचा, इथं निदान सोबत होती.

भाद्रपदात एका सोमवारी अश्विनी पडद्यावरचं काहीतरी पुन्हा पुन्हा वाचू लागली.

"काय झालं गं?"

"मावशी, कंपनीनं लिहिलंय. आतापर्यंत कितीही फोटो ठेवले तरी फुकट होतं. आता एवढी एवढीच जागा फुकट. त्याच्यापेक्षा जास्त पाहिजे असेल तर दर वर्षाला डॉलर भरा. नाहीतर महिनाअखेरीपर्यंत फोटो कमी करा. तुम्ही नाही केले तर आम्ही काढून टाकू."

बनाबाईला आधी हेच कळेना, की फोटोला जागा लागते कशी. भिंतीवर मच्छिंद्रला वीतभर जागा लागायची. इथं तर तो पेटीच्या आत होता, आणि पेटी अमेरिकेत.

"छकुलीचं ऱ्हाऊ दे, त्ये लई हायेत. पर ह्याचा येकट्याचा काय भार?"

"सगळ्यांचा मिळून धरतात, मावशी."

"त्यांचा कोन मानूस असल ना नगरला? मी जाऊन बोलते."

"नगरला नाही. कुठंच नाही."

"फोन नंबर?"

"दिलेला नाही."

"सायबाचं नाव तरी?"

अश्विनीनं खाली सरकून बघितलं. खाली नुसतं कंपनीचं नाव होतं.

"मानूसच न्हाई म्हंतीस," बनाबाई म्हणाली, "मंग ह्ये लिवलं कुनी?"

हा प्रश्न अश्विनीला कधी पडलाच नव्हता. मनिऑर्डर पाठवते म्हणून बनाबाईनं सांगून बघितलं, पण तशी सोय नव्हती, पैसे तिकडूनच भरायला लागणार होते. "सुनीलदादालाही हेच लिहून आलं असेल. तो बघेल," एवढंच अश्विनी म्हणाली.

बनाबाई चिडली होती, पण कुणावर चिडावं ते ठरत नव्हतं. आधी फुकट म्हणून बोलवायचं, माणसं आणून ठेवली की दार अडवायचं, ही कुठली रीत? डब्याचा मालक निदान पायरीवर येऊन भांडू शकतो. ही पायरी कुठं होती? रात्री भाकरी खाताना मात्र तिचं मन हळूहळू ठिकाणावर आलं. जागा कमी पडली की काय करतात हे तिच्यापेक्षा कुणाला जास्त ठाऊक होतं? ज्याच्या घरी आहे, त्याचा डबा परत जातो. छकुली तर सुनीलच्या घरात जिवंत खेळतेय, तिचे फोटो जातील. मच्छिंद्रला दुसरं घरच उरलेलं नाही, त्याला कोण काढेल? या विचारानं तिला झोप लागली.

पितृपक्षात मच्छिंद्रची तिथी शनिवारी आली. बनाबाईनं सकाळी पान वाढलं, कावळ्यांना घास ठेवला, आणि हार घेऊन पिशवीत घातला. दर वर्षी हार फोटोला असायचा. या वर्षी काय करावं ते तिला समजत नव्हतं. कॉम्प्युटरला हार घालावा तर क्लासची पोरंपोरी हसणार, न घालावा तर तिथी कोरडी जाणार. निदान हार हातात घेऊन त्याच्यासमोर उभं राहू, असं ठरवून ती माडी चढली.

नगरचा फोन त्या दिवशी पटकन लागला. फोटो एकेक करून उघडले. छकुली पाळण्यात, छकुली टोपीत, छकुली दात नसलेलं हसताना. मोजकेच उरले होते. खाली मच्छिंद्र नव्हता.

"यायचा असल अजून," बनाबाई म्हणाली.

अश्विनीनं पान पुन्हा उघडलं. मग आणखी एकदा. मग ती आपल्या कॉम्प्युटरमध्ये शोधू लागली. पण तिच्या कॉम्प्युटरला मध्यंतरी व्हायरस लागला होता, सगळं पुसून नव्यानं भरावं लागलं होतं. ज्या फ्लॉपीवर तो फोटो घेतला होता, तिच्यावर आता कुणाची तरी लग्नपत्रिका होती.

"मावशी, घरचा फोटो घेऊन या ना. मी आत्ता परत घेते," ती म्हणाली.

बनाबाईनं तिच्याकडं असं बघितलं, की अश्विनीला आपण काय चुकीचं बोललो तेच कळेना. मग बनाबाईनं नदीचं सांगितलं. सांगताना तिला पहिल्यांदाच वाटलं, की आपण हे काय करून बसलो. हार पिशवीत तसाच घेऊन बनाबाई घरी आली.

रात्रभर तिचं डोकं भणभणत होतं. कुणी काढलं? त्या बिननावाच्या कंपनीनं? आणि काढलं म्हणजे ठेवलं कुठं? तिनं परत पाठवलेला डबा निदान कुणाच्या तरी घरी जायचा. मच्छिंद्रला त्यांनी कुठल्या घरी पाठवलं? सुनीलला काय सांगायचं? तुझा बाप होता तेवढाही कंपनीनं खाल्ला, असं सांगायचं?

रविवारी सकाळी फोन वाजला. सुनील खुशीत होता.

"आई, त्या फोटोंच्या कंपनीनं मोठी कटकट केली होती, पण मी सगळं मार्गी लावलं. पैसेबैसे काही भरले नाहीत. छकुलीचे बरेच काढले. काही आमच्याकडे छापलेले आहेत, ते तिथं कशाला? आणि दादांचा तर सगळ्यात आधी काढला."

"तू काढला?" बनाबाई म्हणाली.

"हो. म्हटलं तो तुझ्या घरी आहेच."

बनाबाईचं लक्ष भिंतीवरच्या खिळ्याकडं गेलं. तुमच्या घरी हाय अजून. हे वाक्य तिनं आयुष्यभर लोकांना ऐकवलं होतं, पायरीवर उभं राहून, कमरेवर हात ठेवून. पोरानं काहीच चुकीचं केलं नव्हतं. ती त्याच्या जागी असती तर तिनंही तेच केलं असतं. तिला वाटलं त्यानं ठेवलाय, त्याला वाटलं हिनं ठेवलाय, आणि दोघांनी मिळून मच्छिंद्रला घालवला.

"आई? ऐकतेस ना? आहे ना गं तो?"

फोटो नसला तरी तिचं एक वेळ चाललं असतं. तिच्याकडं मच्छिंद्र होता, त्याचं चालणं होतं, पट्टा चढवताना तो शीळ घालायचा ती शीळ होती, शिर्डीच्या रस्त्यातलं ते हसणं होतं. सुनीलकडं यातलं काही नव्हतं. त्याच्याकडं तो एक फोटो होता, तो त्यानं स्वतःच्या हातानं पुसला होता, आणि अजून त्याला ते माहीत नव्हतं.

"हाय की," ती म्हणाली. "हितंच हाय, भिंतीवर."

"बरं झालं. अगं, छकुली आज माझ्याकडं डोळे मोठे करून बघत होती. शुभांगी म्हणाली, तुमच्या वडिलांसारखी बघते का हो? आणि मला काही सांगताच येईना. मी आठवतोय, आठवतोय, नीट येतच नाही. तू तिथंच उभी आहेस ना? जरा बघून सांग. टोपी तिरपी होती ना त्यांची?"

फोनची वायर पुरेल तेवढी ओढत बनाबाई भिंतीजवळ गेली. भिंतीवर चौकोनी जागा तेवढी पांढरी राहिली होती.

"तिरपी हाय," ती म्हणाली. "डाव्या अंगाला."

"आणि मिशी?"

"येक टोक वर, येक खाली. सारखी कधी ऱ्हायलीच न्हाई त्याची."

"कोट होता ना?"

"फोटोवाल्याचा कोट. भाया तोकड्या हायेत, मनगटं दिसत्यात."

सुनील तिकडं हसला. मग म्हणाला, "किती रागावलेले दिसतात ना त्यात. मी भ्यायचो लहानपणी. भिंतीकडं पाठ करून जेवायचो, आठवतं?"

तिला सगळं आठवत होतं. वटारलेले डोळे, आवळलेले ओठ, फोटोवाल्याचा तो दम. पंचवीस वर्षं ती त्या फोटोपुढे हात टेकून बसली होती, कारण फोटो काही खोटं बोलत नाही असं सगळे म्हणतात. आता फोटोच नव्हता.

"रागावलेला न्हाई रे," ती म्हणाली. "हसतोय त्यो."

"हसतायत? मला तर..."

"तू ल्हान हुतास. खाली बसून बघायचास. मी आता समूर हुबी हाय, मला दिसतंय की. मिशीखाली हसतोय. फोटोवाल्यानं हसू नको म्हनून सांगितलं हुतं, तर ह्याला जास्तीच यायलंय."



"माझ्या कधी लक्षातच आलं नाही," सुनील म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "मे महिन्यात आम्ही येतोय ना, तेव्हा मला नीट बघायचाय. छकुलीलाही दाखवू."

"दावू की," बनाबाई म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती तिथंच उभी राहिली. मे महिन्यात काय दाखवायचं, ते तिला काही केल्या सुचत नव्हतं. कालचा हार अजून पिशवीत होता, फुलं कोमेजली होती. तिनं तो काढून खिळ्याला अडकवला. बाहेर पायरीवर कुणीतरी डबा आदळला आणि "बनाबाई, हाये का घरात?" म्हणून हाक मारली. ती गिरणीत गेली, पट्टा चढवला, बटण दाबलं. मधल्या घराची भिंत थरथरायला लागली आणि तिच्यावरचा हार हलू लागला.